त्वचेचे दिवस, स्नायूचे आठवडे, कंडरेचे महिने

एका वर्षात आमच्या घरात तिघांना तीन दुखापती झाल्या. विळीवर भोपळा चिरताना आईचं बोट कापलं. पुतण्या सोसायटीच्या मैदानात चोरटी धाव घेताना मांडी धरून खाली बसला. आणि पन्नाशीत धावण्याचं खूळ डोक्यात घेतलेल्या माझी टाचेमागची दोरी दुखायला लागली. आईचे टाके बाराव्या दिवशी निघाले. पुतण्या सातव्या आठवड्यात बॅट घेऊन पुन्हा मैदानात. मी मात्र सहा महिने उलटले तरी सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीला हात लावत होतो. गंमत म्हणजे तिघांत माझीच दुखापत सगळ्यांत किरकोळ, असं घरात ठरलं होतं. रक्त नाही, सूज नाही, कुणी पडलं-झडलं नाही.

चूक माझीच होती. दुखायचं थांबलं की मी धावायचो. दुखलं की आठवडाभर बसून राहायचो. दुखणं थांबण्याची तारीख आणि भरून येण्याची तारीख वेगळी असते आणि या दोहोंमधलं अंतर त्वचेत, स्नायूत, कंडरेत सारखं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला वेळेवर कळावं म्हणून हा लेख.

लाल मांस, पांढरी दोरी

खाटिक मांडीचे तुकडे करतो तेव्हा नीट पाहा. लाल, मऊ भाग म्हणजे स्नायू. हाडाकडे जाताना तो निमुळता होतो आणि त्याची पांढरी, चकचकीत, सुरीला सहज दाद न देणारी दोरी होते. ती कंडरा. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ती स्नायुरज्जू असते, आणि आपण 'शीर ताणली', 'नस चढली' म्हणून मोकळे होतो. शिरेतून रक्त वाहतं. या दोरीचं काम फक्त ओढण्याचं. स्नायू आखडला की ती हाड खेचते.

स्नायूला रक्त भरपूर मिळतं, कंडरेला फार थोडं. त्वचेच्या आतल्या थरातही रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. दुरुस्तीचं सगळं सामान रक्तातूनच येत असल्याने बरं होण्याचा वेग बराचसा इथेच ठरतो.

दुरुस्तीच्या पायऱ्या मात्र तिन्हीकडे साधारण सारख्याच. आधी रक्त गोठून भोक बुजतं. मग सूज येते. तिला आपण शत्रू समजतो, पण त्या दिवसांत पांढऱ्या पेशी मेलेल्या पेशी आणि जंतू साफ करत असतात. मग नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घाईघाईने, वेडेवाकडे टाकले जातात. शेवटी, कित्येक महिने, हे धागे बदलले जातात आणि ताण ज्या दिशेने येतो त्या दिशेने लावले जातात. बहुतेक वेळा दुखणं तिसऱ्या पायरीवरच थांबतं. घात होतो तो इथे.

त्वचा: वण कधीच पुरता पक्का होत नाही

त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. म्हणून खरचटलेलं मागमूसही न ठेवता जातं. जखम खालच्या थरापर्यंत गेली की मात्र वण उरतो. आईचे टाके निघाले तेव्हा बोट छान जुळलेलं दिसत होतं. पण दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं बळ असतं. तीन महिन्यांनी ते वाढून ८० टक्क्यांच्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं. टाके निघाले म्हणून त्याच दिवशी जड बादली उचलायची नाही, ती यासाठी.

शिवाय वण म्हणजे काही एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. तिथलं कोलॅजन आयुष्यभर मोडत आणि नव्याने घडत राहतं, आणि त्या घडणीला क जीवनसत्त्व लागतं. १७४० साली जगप्रदक्षिणेला निघालेल्या ब्रिटिश आरमारी अधिकारी जॉर्ज ॲन्सन यांच्या ताफ्यात, याच जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने थैमान घातलं. त्या सफरीच्या वृत्तांतात एका खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या त्याच्या जखमा कधीच भरल्या नव्हत्या अशा पुन्हा उघडल्या. जखम भरत असताना ताटात लिंबू, पेरू, आवळा असावा, तो यासाठी. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनंही पोटभर हवीत. याच दिवसांत 'पथ्य' म्हणून म्हाताऱ्या माणसाला नुसत्या पेजेवर ठेवणं म्हणजे गवंड्याला विटा न देता भिंत मागणं.

कापलं, भाजलं तर घरी काय करावं?

कापलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धुवा. मग स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहिलं की धरलेली गुठळी निघते. हळद, चहापावडर, कॉफी जखमेत भरू नका. स्वयंपाकघरातला डबा निर्जंतुक नसतो, आणि आत किती खोल कापलंय तेही डॉक्टरांना मग दिसत नाही.

'हवा लागू दे, खपली धरू दे' हा सल्ला आता सोडायला हवा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर राखलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. वाळलेल्या खपलीखालून वाट काढत सरकणं नव्या पेशींना जड जातं. म्हणून स्वच्छ धुतलेल्या लहान जखमेला व्हॅसलिनचा पातळ हात आणि वर पट्टी, रोज बदलून, एवढं पुरतं.

चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. अंगठी, बांगडी लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही नको. फोड फोडू नका. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल आणि जखम मातीची किंवा खोल असेल, तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. स्वच्छ, किरकोळ जखमेला हीच मुदत दहा वर्षांची.

आईच्या बोटावरून एक गोष्ट पक्की शिकलो. टाके घालण्याआधी डॉक्टरांनी तिला बोटाचा प्रत्येक सांधा वेगळा वाकवायला लावला. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला त्वचेखालीच बोट वाकवणाऱ्या कंडरा असतात, प्रत्येक बोटाला आपापल्या, आणि तिथे कापून त्या तुटल्या तरी वरून जखम लहानच दिसते. टोकाचा सांधा वाकत नसेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर नुसती पट्टी बांधून चालणार नाही. हाताच्या शस्त्रक्रियेतले अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी तळव्याच्या घडीपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंतच्या पट्ट्याला दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्टीची उपमा दिली होती, कारण तिथे जोडलेली कंडरा आजूबाजूला हमखास चिकटून बसायची. आता तंत्र खूप सुधारलंय, तरी हे काम जितक्या लवकर होईल तितकं बरं.

स्नायू: फाटतो लवकर, भरतोही लवकर

स्नायूच्या प्रत्येक तंतूला चिकटून काही पेशी झोपलेल्या असतात. ॲलेक्झांडर मॉरो यांना त्या १९६१ साली बेडकाच्या स्नायूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि तुटलेला तंतू सांधतात. म्हणजे स्नायूत नुसतं ठिगळ लागत नाही, बराचसा अस्सल माल पुन्हा तयार होतो.

आधी ओळखा, दुखणं कोणतं आहे. रविवारी सिंहगड चढून-उतरून आलात आणि मंगळवारी जिना आडवा होऊन उतरावा लागतोय, तर ती फाटण्याची दुखापत नव्हे. ही कळ सहसा चढण्याने येत नाही, उतरण्याने येते. उतरताना मांडीचा स्नायू जोर लावत असतानाच लांबत असतो आणि त्यात तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जास्त जाणवते आणि आठवडाभरात जाते. 'लॅक्टिक ॲसिड साठलं' हे याचं कारण नव्हे. ते तर व्यायामानंतर तासा-दोन तासांतच निवळतं. हलकं चालत राहा, बस्स. लघवी मात्र काळपट चहासारखी होऊ लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. फुटलेल्या स्नायूतली द्रव्यं मूत्रपिंडावर चढतात.

फाटणं वेगळं. पुतण्या म्हणाला, 'काका, मागून कुणीतरी दगड मारला असं वाटलं.' एका क्षणी, एका जागी, पळता पळता. थोडेच तंतू तुटले असतील तर एक ते तीन आठवडे लागतात, बरेच तुटले तर चार ते आठ, आणि पूर्ण तुटला तर काही महिने.

पहिले दोन-तीन दिवस जपा. पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा. बोटं निळी किंवा बधिर होतील इतकं घट्ट मात्र नको. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावल्यास कळ कमी होते. पण बर्फाने जखम लवकर भरते असं मानू नका. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं.

या दिवसांत गरम शेक, दारू आणि मालिश टाळा. मालिशवाल्या काकांचा हात कितीही चांगला असो, मांडीला जबर मुका मार बसल्यावर पहिल्याच दिवशी चोळलं तर रक्तस्राव वाढतो. कधी कधी त्या गुठळीत चक्क हाड तयार होतं आणि गुडघा वाकेनासा होतो. आंबेहळदीचा लेप न फुटलेल्या त्वचेवर लावायला हरकत नाही, फक्त तो कढत नको आणि चोळून लावायचा नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दुखेल न दुखेल अशा बेताने, पाय हलवायला लागा. हलवल्याने फाटतं ही भीती, पण न हलवण्याचीही किंमत असते. प्लास्टर काढल्यावर पाय किती बारीक झालेला असतो, आठवा. नव्या धाग्यांना कोणत्या दिशेने लागायचं ते ताणच सांगतो. ताणच नसेल तर वेडावाकडा, जाड वण पडतो आणि पुढच्या मोसमात त्याच्याच शेजारी पुन्हा फाटतं. मांडीचा मागचा स्नायू या बाबतीत बदनाम आहे. पुतण्याला फिजिओथेरपिस्टने मैदानाची परवानगी दिली ती 'दुखत नाही' म्हणून नव्हे. दोन्ही पायांचं बळ जवळपास सारखं आहे, पूर्ण वेगाने पळता येतं आणि पळताना अचानक थांबता येतं, हे तपासून दिली.

कंडरा: सतरा वर्षांची दोरी

आता माझी टाच. पोटरीला टाचेशी जोडणारी ही शरीरातली सगळ्यांत जाड आणि मजबूत कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. आणि टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जिथे ती सहसा दुखते, तिचा रक्तपुरवठा सर्वांत तोकडा.

ती किती सावकाश बदलते, याचा पुरावा अणुबाँबने दिला. १९५५ ते १९६३ या काळातल्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन खूप वाढला आणि पुढे हळूहळू उतरला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कोणत्या वर्षी घडला, हे त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कमधल्या कात्या हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली टाचेच्या कंडरेची अशी तपासणी केली. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही, असं निघालं. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र बदल चालू होता. त्या खलाशाचा वण पन्नास वर्षांनीही घडत-मोडत होता. माझी दोरी मात्र बारावीच्या वर्षातली.

म्हणूनच कंडरेचं जुनं दुखणं बहुधा सुजेचं नसतं. मर्यादेपलीकडे ओढली गेल्याने आतले धागे विस्कटलेले असतात. सूज कमी करणारी गोळी कळ दडपते, धागे लावत नाही. आणि नुसत्या विश्रांतीने दोरी आणखी दुबळी होते. मग पुन्हा धावलात की पहिल्यापेक्षा लवकर दुखते. मी सहा महिने याच चक्रात फिरत होतो.

वाट दाखवली ती स्वीडनचे सर्जन होकान आल्फ्रेडसन यांनी. त्यांची स्वतःचीच टाच दुखत होती. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा अनुभव प्रसिद्ध केला. बारा आठवडे, रोज दोनदा, पायरीच्या कडेवर एकच व्यायाम, आणि पंधराही जण पुन्हा धावू लागले. तो असा:

– पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा, कठड्याला धरा. दोन्ही पायांनी वर जा.
– मग वजन दुखऱ्या पायावर घ्या आणि टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवा.
– पंधरा वेळा एक फेरी, अशा तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन किंचित वाकवून.
– दुखणं टाचेच्या हाडाला लागूनच असेल, तर पायरीच्या पातळीखाली उतरू नका; सपाट जमिनीवर करा.

करताना थोडं दुखलं तर चालतं. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते: ताठरपणा रोजच्याइतकाच असेल तर ठीक, वाढला असेल तर कालचा डोस जास्त झाला. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा. आणि तीन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. कंडरेच्या हिशेबात तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

हाच न्याय इतर कंडरांनाही लागू होतो. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्या बायकांना टेनिस एल्बो होतो, तो कणीक तिंबून, धुणं पिळून. बाळंतिणीचं अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं, कारण बाळाला काखेत धरून उचलताना दिवसातून पन्नासदा तिथली कंडरा घासते. इथे 'काम बंद' हे उत्तर नव्हे, आणि कोणत्याही घरात ते शक्यही नसतं. धुणं नळाला पिळा देऊन दोन्ही हातांनी पिळा. बाळाच्या पाठीखाली तळहात सरकवून उचला. दुखरी हालचाल काही दिवस कमी करा आणि मग बळ हळूहळू वाढवा.

दोन इशारे द्यायलाच हवेत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखू किंवा तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली या औषधांना ठळक इशारा जोडायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. गोळी चालू असताना टाच दुखू लागली तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. दुसरं, टाचेच्या कंडरेत परस्पर स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका; दुखणं जातं, पण ती तुटण्याची भीती वाढते.

घरी थांबू नये अशा खुणा

– 'फट्' असा आवाज, पोटरीवर कुणी लाथ मारल्याचा भास, आणि त्यानंतर एका पायाच्या चवड्यावर उभं राहता न येणं. कंडरा तुटली असू शकते. फार दुखत नाही म्हणून फसू नका.
– मुका मार बसलेला पाय किंवा हात दगडासारखा टणक होणं, बोटं हलवताच असह्य कळ येणं, बधिरपणा. आत दाब वाढतोय. हे तासांचं काम आहे, उद्यावर टाकू नका.
– दहा-पंधरा मिनिटं सलग दाबूनही न थांबणारं रक्त, किंवा कडा उघड्या राहणारी जखम.
– जखमेभोवती पसरत जाणारी लाली, पू, ताप.
– काही दिवस पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजणं, दुखणं. शिरेत गुठळी झालेली असू शकते. तिथे मालिश अजिबात नको.
– मधुमेह असलेल्याच्या पायाला झालेली कोणतीही जखम, न दुखणारी तर आधी.

आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी मी एक आकडा लिहू लागलो: उठल्यावर टाच किती मिनिटं ताठ राहिली. सुरुवातीला पंचवीस, महिन्याने वीस, मग एकदम तीस, कारण आदल्या दिवशी लग्नात नाचलो होतो. हा आकडा दुखण्यापेक्षा खरं बोलतो. परवा पहिल्यांदा तिथे शून्य लिहिलं. पलंगावरून उतरताना भिंतीला हात लागला नव्हता. आईने पान पाहिलं आणि म्हणाली, 'मग बंद कर की आता ते पायरीवरचं खालीवर.' तिच्या बोटावरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहत मी पायरीवर चढलो. अजून सहा आठवडे तरी चढणार आहे.